मनकर्णाबाईचा अंगठा

धामणखेडात पोट दुखायला लागलं की माणूस आधी नांदुऱ्याची गाडी पाहत नाही, मनकर्णाबाईचं आंगण पाहतो. तेही उपाशीपोटी, दिवस कडुनिंबाच्या शेंड्याला लागायच्या आत. चहाचा घोट घेतलेला असला तरी ती हात लावत नाही. शेजारचा मोतीराम, टेम्पोवाला, एकदा बशीभर चहा पिऊन आला आणि विचारल्यावर नाही म्हणाला. मनकर्णाबाईनं त्याच्या पोटावर अंगठा टेकवला अन् उचलला.

"काऊन बे मोतीराम, मले येडी समजतं का? चहा डुचमळून राह्यला तुह्या पोटात. जाय, उद्या येजो."

तिचं काम ठरलेलं. माणसाला गोधडीवर उताणं पाडायचं, दोन्ही पाय जोडायचे, पायाचे अंगठे एका रेषेत आहेत का पाहायचं. मग आपला अंगठा त्याच्या बोंबीत रोवायचा. बोंबी म्हणजे बेंबी. आमच्याकडे बोंबीच म्हणतात आणि तेच बरोबर आहे. तिथं खाली एक ठोका लागतो. तो नेमका अंगठ्याखाली लागला तर माणूस ठीक. बोटभर इकडं-तिकडं लागला तर बोंबी सरकली. मग तेल लावून, चोळत-दाबत तो ठोका जागेवर आणायचा. झालं की दोन्ही तळवे जमिनीवर टेकवून जोरानं दाबायचे, दुखणं मातीत जाऊ द्यायचं. पैसा घ्यायचा नाही. आणि उठलेल्या माणसानं जाताना "येतो" म्हणायचं नाही. गुमान चालू लागायचं. "येतो" म्हटलं तर दुखणं ऐकतं आणि त्याच्याबरोबर परत येतं.

हे सगळं तिच्या सासूनं तिला दिलं आणि तिनं ते चाळीस वर्षं चालवलं. नवरा रामराव गेला, वावर मुलाच्या, भागवतच्या नावावर झालं, घरातल्या चाव्या सुनेकडं गेल्या. पण अंगठा तिचाच राहिला. उजवा अंगठा इतका दाबून दाबून त्याचं नख चपटं झालेलं, चमच्यासारखं. दोन-तीन गावांत असा अंगठा नाही, असं लोक म्हणायचे. तीही म्हणायची.

त्याच अंगठ्यानं ती सात महिने आपल्या सुनेला मरणाच्या दारात ढकलत होती, हे तिला ठाऊक नव्हतं.

सून म्हणजे सुचिता. चिखलीकडची पोरगी, अंगानं काटकुळी, कामाला वाघीण. लग्नाला आठ वर्षं झालेली, एक मुलगी, छकुली. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडी सुचिताला काहीतरी व्हायला लागलं. कापसाच्या पऱ्हाट्या उपटायला वाकली की एकाएकी डोकं ठणकायचं, असं की डोळे बाहेर येतील. छाती धाडधाड उडायची. तोंड चुन्यासारखं पांढरं पडायचं, पोलकं घामानं ओलं व्हायचं, हात थरथरायचे. दहा-पंधरा मिनिटं. मग काहीच नाही. उठून पुन्हा पऱ्हाट्या उपटायला लागायची.

भागवतनं तिला नांदुऱ्याला नेलं, दोनदा. गाडीवरून पोहोचेपर्यंत ती ठणठणीत. बीपी पाहिलं तर एकशे वीस-ऐंशी. एका ठिकाणी गॅसची गोळी मिळाली, दुसऱ्या ठिकाणी "मनाला लावून घेऊ नका" म्हणून सांगितलं. शेजारची तानाबाई, जिला कोणाच्या घरात किती शेर डाळ शिजली तेही ठाऊक असतं, ती ओट्यावर बसून म्हणायची, "काम दिसलं की चक्कर, ताट दिसलं की बरी. आमच्या येळी असं नोतं बापा."

मनकर्णाबाईनं तिला गोधडीवर घेतलं.

बोंबी जागेवर होती. ठोका नेमका अंगठ्याखाली. इथं दुसरी कोणी थांबली असती. पण चाळीस वर्षांचा हात तो, थांबतो कशाला! तो डावीकडं सरकला, बरगडीच्या खाली, आणखी आत, पाठीच्या अंगाला. तिथं तिनं दाबलं आणि सुचिताचा ठोका उधळला. बैल जू टाकून पळावा तसा. दुसरा हात बोंबीवर होता, त्याला ते स्पष्ट कळलं. उजव्या बाजूला तसंच दाबून पाहिलं, काही नाही. पुन्हा डावीकडं दाबलं, पुन्हा उधळला.

"सापडला," ती म्हणाली. "गोळा हाये. भांडून राह्यला मह्यासंग. भांडते म्हंजे भेते तो."

आणि ती दाबत राहिली. दर मंगळवारी, दर शनिवारी. सुचिता पांढरी पडायची, ओकायची, मग थकून तिथंच गोधडीवर झोपून जायची. त्या झोपेला मनकर्णाबाई आराम समजायची. सुचिता काही बोलायची नाही. ज्या आंगणात तीन गावांच्या बाया हात लावून घ्यायला उन्हात बसतात, त्या आंगणातल्या सुनेनं "नोको" म्हणायचं कसं? आणि तिलाही खरंच वाटायचं की दाबल्यानंच उतरतं. उतरायचंच की ते. न दाबताही उतरलं असतं, हे कोणाला माहीत?

पौषातल्या एका शनिवारी मनकर्णाबाईनं ठरवलं की आज गोळा फोडायचाच. तेल कोमट करून घेतलं, गुडघा टेकवून बसली आणि दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून दाबलं. सोडलं नाही. सुचिताचे ओठ निळे पडले. अंगठ्याखाली ठोका एवढा जोरात आला की मनकर्णाबाईच्या कोपरापर्यंत जाणवला.

"आत्याबाई," सुचिता म्हणाली, "दिसत नाई मले."

मग तिचे डोळे वर गेले.

मोतीरामचा टेम्पो दारातच उभा होता म्हणून बरं. या वेळी नांदुरा केलं नाही. जवळच्या गावात सरकारी दवाखाना होता आणि तिथं नवी डॉक्टरीण आली होती. दहा मिनिटांत पोहोचले. डॉक्टरीण म्हणजे सुवर्णा, लोणार तालुक्यातल्या बीबीची. बाप दयाराम, दोन म्हशींच्या दुधावर मुलीला डॉक्टर करणारा माणूस. तिनं स्वतः बीपीचा पट्टा बांधला आणि काट्याकडं पाहून पुन्हा बांधला. दोनशे तीस-एकशे तीस.

तिनं सुचिताला पलंगावर बसतं केलं, जिभेखाली झटपट उतरवायची गोळी दिली नाही, औषध सुईतून थेंब-थेंब दिलं आणि हलली नाही. अर्ध्या तासात आकडा खाली आला. तासाभरात एकशे चोवीस-ब्याऐंशी. सुचिता चहा मागायला लागली.

"एवढं चढतं आणि एवढं उतरतं?" डॉक्टरीण स्वतःशीच बोलली. मग सुचिताला विचारलं, "हे व्हायच्या वेळी काय करत होतीस?"

सुचितानं सासूकडं पाहिलं. सासू भिंतीकडं पाहत होती.

"काई नाई. बसली होती."

"नुसती बसली होतीस?"

"हाव."

भागवत बोलला, "मॅडम, मी म्हशीले पाणी दाखवून राह्यलो होतो. मायनं हाक मारली त..." आणि त्यानंही आईकडं पाहिलं.

मनकर्णाबाई बाहेर व्हरांड्यात आली. हाताला अजून कोमट तेलाचा वास होता. तिनं पदरानं पुसला, गेला नाही. सांगितलं तर काय होईल ते तिला दिसत होतं. डॉक्टरीण ओरडेल, ते सोसता येईल. पण व्हरांड्यात चार गावांची माणसं बसली होती. तिन्हीसांजेच्या आत धामणखेडात कळलं असतं की मनकर्णाबाईनं आपल्याच सुनेचा जीव दाबला. मग कोणाचं पोट तिच्या अंगठ्याखाली येणार? आणि अंगठा गेला तर तिच्याजवळ राहतं काय? एक लुगड्याचं गाठोडं आणि मुलाच्या घरातली भाकर.

आणि नाही सांगितलं तर? आत डॉक्टरीण म्हणत होती, "गोळ्या देते, पण मला कारण कळलं नाही तर हे पुन्हा होईल. दर वेळी एवढ्या लवकर पोहोचाल का?"

म्हातारी आत आली. दाराला धरून उभी राहिली.

"म्या दाबलं," ती म्हणाली. "म्या दाबलं तिचं पोट. सात महिन्यांपासून दाबून राह्यलो."

भागवतच्या हातातला केसपेपर खाली पडला.

"कुठं दाबता?" डॉक्टरणीनं विचारलं. आवाज चढलेला नव्हता, हेच म्हातारीला जास्त लागलं.

"दाखवतो न," म्हणून ती सुचिताकडं सरकली.

"तिला हात लावू नका!" आता चढला. "माझ्यावर दाखवा."

आणि ती बाई खरंच बाजूच्या पलंगावर उताणी झाली. मनकर्णाबाईनं सवयीनं आधी तिचे पाय जोडले, अंगठे पाहिले, बोंबीवर अंगठा ठेवला.

"बोंबी सरकेल हाये तुमची, मॅडम. आन् पोहे खाऊन आल्या तुम्ही."

"उपमा होता," डॉक्टरीण म्हणाली. "पुढं."

"मंग इकून आलो, डाव्या बरगडीखालून. इथं. खाली, पाठीकडं. इथं दाबलं की तिचा ठोका उधळते. उजवीकडं दाबलं त काईच नाई. वाकली की होते, तेबी मी पाह्यलं. रागानं होत नाई, भेवानं होत नाई. परवाच्या दिशी साप निंघाला आंगणात, हिनंच मारला. तवा काईच झालं नाई."

डॉक्टरीण उठून बसली. म्हातारीच्या अंगठ्याकडं पाहिलं.

"आजी, हे कोणी मला आल्याबरोबर सांगितलं असतं ना, तर मी अर्धं काम तेव्हाच केलं असतं," ती म्हणाली. "तुम्ही जागा बरोबर शोधली. केलं मात्र नेमकं उलटं."

मग तिनं कागदाच्या पाठीवर दोन किडन्या काढल्या, दोन्हींच्या डोक्यावर एक-एक टोपी काढली. ही टोपी म्हणजे एक ग्रंथी, तिला अधिवृक्क म्हणतात. साप दिसला की छाती उडते, हात-पाय हलके होतात, ते हिचं काम. तिच्या आत पेशी असतात, पेशीत बारीक-बारीक पिशव्या भरलेल्या. त्यात ॲड्रेनलिन असतं, आणि सोबत पेप्टाइड नावाचे प्रथिनांचे छोटे तुकडे, तेही संप्रेरकासारखेच दूरवर काम करून येतात. मज्जातंतूची हाक आली की पिशव्या रक्तात रिकाम्या होतात. आणि नुसत्या रिकाम्या होऊन थांबत नाहीत. तीच हाक पेशीच्या पार आत, जनुकापर्यंत जाते: माल गेला, नवा करायला घ्या. जनुक जागं होतं, पिशव्या पुन्हा भरतात. हाक थांबली की तेही निजतं.

"पान्ह्यासारखं," मनकर्णाबाई म्हणाली. "वासरू लागलं की गाय पान्हवते, दोहलं की फिरून भरते. नाई दोहलं त आटते."

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. "अगदी तसंच. आमच्या म्हशी वासराशिवाय कोणाला थेंब द्यायच्या नाहीत. पण हिच्या डाव्या ग्रंथीतल्या पेशींनी हाक ऐकायचंच सोडलं असावं. तिथं गाठ झाली असणार. ती कोणाची वाट पाहत नाही. वाकलं, दाबलं, धक्का लागला की पान्हा सोडते, आणि आतल्या जनुकाला थांब म्हणायला कोणी नाही. सारखं भरतच राहतं."

"म्हंजे मी दोहत होतो तिले."

"हो."

"गोळा माह्यानं झाला का?"

"नाही. गाठ तुमच्यामुळं नाही झाली. पण एखाद्या शनिवारी ती तुमच्या अंगठ्याखाली मेली असती."

मनकर्णाबाईनं मान हलवली. रडली वगैरे नाही. फक्त केसपेपर उचलून भागवतच्या हातात दिला आणि त्याच्याकडं पाहिलं नाही.

पुढची तपासणी अकोल्याला. आधी चोवीस तासांची लघवी एका डब्यात धरायची, एक थेंब सांडायचा नाही. तो पाच लिटरचा पांढरा डबा मांडीवर घेऊन मनकर्णाबाई नांदुऱ्याहून पॅसेंजरमध्ये बसली. समोरच्या माणसानं विचारलं, "काकू, घरचं तेल हाये का? इकाचं असन त पाहू."

"पाह्य ना," ती म्हणाली. "झाकण काढू का?"

सुचिता तोंडावर पदर घेऊन हसली. सात महिन्यांत पहिल्यांदा. पण हसताना तिनं एक हात डाव्या कुशीवर ठेवला होता, आणि भागवतचं लक्ष त्या हातावर होतं. तो आईशी चार दिवस बोललेला नव्हता.

तपासणीत तेच निघालं. डाव्या किडनीवर लिंबाएवढी गाठ. काढावीच लागणार. पण लगेच नाही. तिथले सर्जन म्हणाले, काढताना गाठीला हात लागणारच, आणि तेव्हा ती सगळं ओतणार. म्हणून आधी चौदा दिवस गोळ्या द्यायच्या, म्हणजे रक्तनळ्यांवर त्या ओतण्याचा जोर चालणार नाही. मनकर्णाबाईनं ते आपल्या परीनं समजून घेतलं: पान्हा येऊ दे, बादली उपडी ठेवायची. चौदा दिवस पाणी भरपूर, मीठ भरपूर. वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, आणि पोटाला कोणाचा हात लागू द्यायचा नाही.

"कोणाचाच," सर्जननं पुन्हा सांगितलं. त्यांना कोणी काही सांगितलं होतं की नाही, देव जाणे.

धामणखेडात ते चौदा दिवस कसे गेले ते मनकर्णाबाईला विचारा. सकाळी दुसऱ्या गावच्या बाया उपाशीपोटी यायच्या, ती आंगणातूनच परत पाठवायची. कारण सांगायची नाही. मोतीरामनं आधीच सगळ्या गावाला सांगितलेलं होतं. तानाबाई ओट्यावर बसून मिठाचं ताक पाहायची आणि म्हणायची, "बीपीवालीले मीठ? मारतं का वं सुनेले?" मनकर्णाबाई आणखी चिमूटभर टाकायची. सुचितानं खाली पडलेला चमचा उचलायला हात केला तरी म्हातारी तिच्या आधी वाकलेली असायची. भागवत बोलू लागला, पण कामापुरतं. "गोळी देल्ली का?" "देल्ली." एवढंच.

नवव्या दिवशी दुपारी झालंच. भागवत कापूस घेऊन जिनिंगवर गेला होता. सुचिता खाटेवर बसून छकुलीची वेणी घालत होती, पोरगी निसटली, तिला धरायला सुचिता कमरेतून पिळली. बस. हातातला कंगवा गळाला. मनकर्णाबाईनं चुलीजवळून पाहिलं: तोंड चुना झालं होतं.

तिनं छकुलीला मोतीरामकडं पिटाळलं, सुचिताला खाटेवर बसतं धरलं, पाठीमागं तुरीचं पोतं टेकवलं, पाय खाली सोडले. डॉक्टरणीनं सांगितलं होतं, आडवी करायची नाही. सुचिताचे दात वाजत होते.

"आत्याबाई," ती म्हणाली, "दाबा."

म्हातारीनं हात मागं घेतला.

"एकदाच दाबा. दाबलं की मोकळं वाटते. दाबा न वं, डोकं फुटून राह्यलं."

सात महिने तिनंच सुनेला हे शिकवलं होतं. सुचितानं तिचा हात पकडून आपल्या कुशीकडं ओढला. बोटं लुगड्याला लागली. चाळीस वर्षांचा हात तो. त्याला दुखतं पोट दिसलं की तो मनाला विचारत नाही. अंगठा आपोआप वळला, जागा धरायला. मनकर्णाबाईनं हिसका देऊन हात सोडवला आणि दोन्ही हात आपल्या मांड्यांखाली घालून त्यांच्यावर बसली.

मोतीराम टेम्पो घेऊन बाहेरगावी गेलेला; आरडाओरडा ऐकून तानाबाईच आत आली. "अवं, पाहत काय बसली? पोर मरून राह्यली! तू नाई दाबत त मी दाबतो, सरक."

तिनं हात पुढं केला आणि मनकर्णाबाईनं बसल्या जागेवरून तिच्या मनगटावर अशी चापट मारली की तानाबाईच्या काचेच्या दोन बांगड्या फुटल्या.

"हात लावजो, मंग पाह्यजो," मनकर्णाबाई म्हणाली. "फोन लाव. डॉक्टरणीले. भिंतीवर लिहेल हाये नंबर."

तानाबाई रागानं फुणफुणत भिंतीपाशी गेली, पण लावला. डॉक्टरणीचा आवाज आला: दुपारची गोळी आत्ता द्या. बसती ठेवा, उभी करू नका. मी निघाले. मनकर्णाबाईनं गोळी दिली, पाण्याचा पेला सुचिताच्या ओठाला लावला आणि हात परत मांडीखाली घातले. मग काही करायचं उरलं नाही. तिच्या आयुष्यात दुखणाऱ्या माणसाजवळ काहीही न करता बसायची ही पहिलीच वेळ. समोर मानेची शीर उडताना दिसत होती. ती मोजत राहिली. मोजता येईना इतकी जोरात. मग येऊ लागली. मग एकेक सुटा ठोका दिसायला लागला. डॉक्टरणीची गाडी आंगणात थांबली तेव्हा सुचिता पोत्याला टेकून म्हणत होती, "वेणी राह्यली छकुलीची."

डॉक्टरणीनं पट्टा बांधला. एकशे साठ-नव्वद. "गोळ्यांनी काम केलं," ती म्हणाली. "नाही तर आज..." तानाबाई मनगट चोळत उभी होती. म्हणाली, "मॅडम, माह्याबी हाताचं बीपी पाहा जरा."

चौदा दिवस झाल्यावर अकोला. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सुचिताला हिरवा झगा घातला, चाकाच्या पलंगावर घेतलं. भागवत एका बाजूनं, मनकर्णाबाई दुसऱ्या बाजूनं. दारापाशी नर्सनं दोघांना थांबवलं. सुचितानं नवऱ्याकडं पाहिलं, सासूकडं पाहिलं आणि काही न बोलता मान फिरवली. गुमान. मनकर्णाबाईच्या गोधडीवरून सात महिने उठून जायची तशी.

पलंग आत जाऊ लागला आणि म्हातारी ओरडली, "येतो म्हण!"

नर्स दचकली.

"येतो म्हण वं पोरी! न बोलता जाऊ नोको. येतो म्हण!"

आतून आवाज आला, बारीक, "येतो, आत्याबाई."

दार लागलं.

साडेचार तास. मध्ये एकदा एक डॉक्टर धावत आत गेला, एकदा रक्ताची पिशवी आत गेली. भागवत उठायचा, बसायचा. आई बाकावर हात मांडीखाली घालून बसली होती. तिसऱ्या तासाला तो तिच्याजवळ येऊन बसला.

"मुंग्या येतीन हाताले, माय," तो म्हणाला. "काढ बाहेर."

तिनं काढले. दोन्ही पांढरे पडले होते.

सर्जन बाहेर आले. गाठीला हात लागला तेव्हा बीपी एकदा अडीचशेवर गेलं, गाठ निघाल्याबरोबर सत्तरवर कोसळलं, दोन्ही वेळा आवरलं. आता ठीक आहे. दोन दिवस काचेच्या खोलीत ठेवू. त्यांनी स्टीलच्या ताटलीत गाठ दाखवली. गावरान लिंबाएवढी, पिवळट-तांबूस.

मनकर्णाबाईनं वाकून पाहिलं. ज्याच्याशी सात महिने भांडली ते हे एवढंसं. अंगठा हलला.

"हात लावू का?" तिनं विचारलं.

"नाही, आजी. तपासायला पाठवायची आहे."

"बरं," ती म्हणाली. मागं सरली.

ही गाठ कधी-कधी घराण्यातून येते, तेही तपासायला हवं असं ते म्हणाले. सुचिताचा बाप चाळिशीत वावरात वाकला असताना तिथंच पडला होता. उन्हानं गेला असं म्हणून गावानं अग्नी दिला होता. सुचिताचं रक्त दूर कुठंतरी गेलं. महिनाभर त्या घरात कोणी पोटभर जेवलं नाही. मग निरोप आला की जन्माच्या जनुकात ती चूक सापडली नाही, छकुलीच्या रक्ताची गरज नाही. बाप कशानं गेला ते कायमचं तसंच राहिलं.

चैत्रात एका सकाळी शेजारच्या गावची वंदना नावाची बाई आंगणात आली, उपाशीपोटी. गावं विसरतात, पोटं विसरत नाहीत. मनकर्णाबाईनं आधी तिला दहा प्रश्न विचारले. वाकल्यावर डोकं ठणकते का, घाम सुटते का, छाती उडते का. बाई कंटाळली.

"आजी, दाबा न चटकन. दवाखान्यात इचारतात तसं काय इचारून राह्यल्या?"

बोंबीवर अंगठा टेकला. ठोका बोटभर उजवीकडं. हळूच, तेल लावून, जागेवर. हात सवयीनं डाव्या बरगडीकडं सरकू लागला.

दारात सुचिता भांडी घासत बसली होती. कुशीत तीन बारीक व्रण, बोरीचा काटा ओढावा तेवढे. तिनं मान वर केली नाही.

"आत्याबाई, तिकडं नोको."

आठ वर्षांत त्या घरात तिनं पहिल्यांदा "नोको" म्हटलं होतं. मनकर्णाबाईनं एकदा तिच्याकडं पाहिलं.

"मले शिकवतं का वं?" ती म्हणाली, आणि हात उचलला.